विहिरींची वही कळव, आमदारांचं पत्र राहू दे

वाचकाचं पत्र:

मॅडम, मी औसा तालुक्यातली. लातूरला बारावी सायन्सला आहे, खोली करून राहते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कॉमन ॲपवरून, म्हणजे एकाच फॉर्मवर अनेक कॉलेजांना अर्ज करता येतो त्या वेबसाइटवरून, अमेरिकेतल्या सात कॉलेजांना आणि वेगळ्या पोर्टलवरून एमआयटीला अर्ज केला. सगळीकडे पूर्ण आर्थिक मदत मागितली आहे. समुपदेशक म्हणून आमच्या फिजिक्सच्या सरांचं नाव दिलंय.

अर्ज गेल्यावर बरंच काही झालं. जिल्हास्तरीय वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले (अर्जात वक्तृत्वाची तीन बक्षिसं आधीच लिहिली होती). तीन ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं मिळाली. अकरावीच्या जूनपासून मी गावातल्या चौदा विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मला ते आकडे वाचून दाखवायला लावले आणि आता ते दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचं ठरलंय. डिसेंबरात मला डेंग्यू झाला होता, त्यामुळे प्रिलिमला गणितात ७१ पडले, सहामाहीला ९२ होते. यंदा सोयाबीन पावसात गेलं, घरी सगळे त्याच काळजीत आहेत.

मामा म्हणतात सगळं पाठव, आमदारांचं पत्र मी आणून देतो. औशाच्या स्टँडवर बॅनर लावायचंही त्यांच्या डोक्यात आहे. सर म्हणतात, काही पाठवू नको, उतावळी दिसशील. आई म्हणते, "फारम भरलाय नं, आता कशाला उकरतीस?" मी काय करू?

उत्तर:

लेकी,

तिघांत आईचं म्हणणं मला सगळ्यात तर्काला धरून वाटलं, हे आधी सांगून टाकते. आपल्याकडे अर्ज म्हणजे खिडकीतून आत सरकवलेला कागद. पोचपावती हातात पडली की आपला त्याच्याशी संबंध संपला. सीईटी असो नाहीतर नीट, यादी लागते ती गुणांवर. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर तक्रारीसाठी थोडे दिवस मिळतात, पण ते चूक दुरुस्त करायला: नावात काना राहिला, दाखल्याचा नंबर चुकला, प्रवर्ग भलताच पडला. त्या दिवसांत कुणी जाऊन "साहेब, मधल्या काळात मी वक्तृत्वात पहिली आले" असं सांगितलं, तर साहेब आधी पाणी पाजतील आणि मग घरच्यांचा नंबर विचारतील. दुरुस्ती चालते, भर चालत नाही. आईनं तहसीलमध्ये, बँकेत, पीकविम्याच्या रांगेत आयुष्यभर हेच पाहिलंय.

तू जिथे अर्ज केलास तिथली रीत निराळी आहे. जानेवारीत आलेले अर्ज मार्चपर्यंत वाचले जातात आणि बहुतेक निकाल मार्चच्या उत्तरार्धात लागतात. गुणांच्या जोडीला निबंध, शिक्षकांची पत्रं, कॉलेजबाहेर मुलगी काय करते, हे सगळं माणसं बसून वाचतात आणि आपसात चर्चा करून ठरवतात. निकाल ठरेपर्यंत फाइल उघडी असते, तिच्यात कागद घालता येतो. म्हणून सरांचं 'काहीच नको' मला पटत नाही. मामांचं 'सगळं पाठव' तर त्याहून पटत नाही, आणि त्याचं कारण जरा वैयक्तिक आहे.

मी काही वर्षं एका शिष्यवृत्तीचे अर्ज वाचायचे. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर, चहाचा कप बाजूला ठेवून. अर्ज पाठवून झाल्यावरही पोरं पाकिटं पाठवत राहायची. निबंध स्पर्धेचं प्रशस्तिपत्र, योग शिबिराचं प्रमाणपत्र, सत्काराचे फोटो, शाल-नारळासकट. जाड पाकीट दिसलं की माझ्या पोटात गोळा यायचा. खरं सांगते, अशा पाकिटानं एकाही मुलाबद्दलचं माझं मत वर गेलं नाही. दोन-चार वेळा खाली मात्र आलं, कारण अर्जात साधा, शहाणा वाटलेला मुलगा पाकिटात फुशारकी मारताना दिसला.

आणि एकदा एक पोस्टकार्ड आलं. मजकूर साधारण असा होता: अर्जात वडिलांचा व्यवसाय शेती लिहिला होता, वडील मागच्या आठवड्यात वारले, आता शेत आई आणि मी बघतो, एवढंच कळवायचं होतं. मी ते कार्ड त्या मुलाच्या अर्जाला टाचणीनं लावलं आणि अर्ज पहिल्यापासून परत वाचला. अक्षर तेच होतं, गुण तेच होते. माझ्या मनातला मुलगा बदलला होता.

तुझ्या यादीतली प्रत्येक गोष्ट मी त्या टाचणीच्या हिशेबानं बघितली. हे कळल्यावर वाचणारा तुझा अर्ज परत उघडेल का? किंवा हे कळलं नाही तर तो तुझ्याबद्दल काही चुकीचं धरून बसेल का?

वक्तृत्वाबद्दल अभिनंदन, पण ते राहू दे. तीन बक्षिसांनी तू बोलतेस चांगलं हे त्यांना कळलेलं आहे. चौथ्यानं त्यात काय पडणार? जानेवारीत होणाऱ्या आयएनएमओमध्ये, म्हणजे गणित ऑलिंपियाडच्या राष्ट्रीय परीक्षेत, तुझी निवड झाली असती, तर मी म्हटलं असतं, पत्र वाचायचं थांबव आणि आधी ते कळव. जिल्ह्याच्या ढालीला तेवढं वजन नाही.

ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं कुणालाच पाठवू नकोस. व्हिडिओ शेवटपर्यंत चालू राहिला, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आता विहिरी. तू पत्रात त्यांना वक्तृत्वाच्या आणि कोर्सच्या खाली टाकलंस, याचा मला थोडा रागच आला. कॉमन ॲपमध्ये एका उपक्रमाचं वर्णन १५० अक्षरांत बसवावं लागतं, मोकळ्या जागा धरून. तेवढ्यात तू 'गावातल्या चौदा विहिरींची पातळी दर महिन्याला मोजते' असंच काहीतरी लिहिलं असशील. तिकडचा माणूस ते वाचून 'छान' म्हणेल आणि पुढच्या ओळीवर जाईल. त्याला काय ठाऊक की आपल्याकडे सगळा काळा पाषाण, पाणी त्याच्या भेगांत धरलेलं, एका बांधावरची विहीर डिसेंबरात उघडी पडते आणि हाकेच्या अंतरावरची मेपर्यंत टिकते. म्हणूनच चौदा मोजाव्या लागतात, एक मोजून भागत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निवडक निरीक्षण विहिरी वर्षातून ठरावीक वेळा मोजते, पण गावोगावची प्रत्येक विहीर दर महिन्याला कोण मोजणार? आणि ज्या लातुरात तू खोली करून राहतेस, त्याच लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावं लागलं होतं. तू तेव्हा दुसरी-तिसरीत असशील.

हे सगळं पत्रात कोंबायचं नाही. फक्त हे ध्यानात घे की डिसेंबरपर्यंत ती एका हुशार मुलीची वही होती. २६ जानेवारीला ती गावाची झाली. अर्जात हे नव्हतं, असूच शकत नव्हतं. अर्ज गेल्यानंतर घडलेलं आणि आधीच्या ओळीचा अर्थ बदलणारं, असं तुझ्याकडे हे एकच आहे.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळ. ग्रामसभा म्हणजे काय ते अर्ध्या ओळीत सांग: गावातल्या सगळ्या मतदारांची, कायद्यानं भरवावी लागणारी सभा. नुसतं 'ग्रामसभा' लिहिलंस तर ते त्याला मंडळाच्या मीटिंगसारखं वाटेल. दुसरं, फुगवू नकोस. 'गावाचा पाणीप्रश्न सोडवला' असलं वाक्य अजिबात नको. सुटलेला नाही, हे तुलाही माहीत आहे आणि सरपंचांनाही. त्यापेक्षा सभेत काय झालं ते आठव. कुणी आक्षेप घेतला का? माझ्या विहिरीचा आकडा चारचौघांत कशाला वाचता, असं कुणी म्हणालं का? आकडे ऐकून कुणी उन्हाळी भुईमूग घ्यायचा की नाही, याचा परत विचार केला का? असा एक खरा तपशील घातलास तर दहा विशेषणं लागणार नाहीत.

आता ते ७१. तू ते घाईघाईनं लिहून पुढे गेलीस, पण मला तिथे थांबायचंय. कॉमन ॲपमधून अर्ज केलेल्या मुलांसाठी बहुतेक कॉलेजं मिड-इयर रिपोर्ट मागतात, म्हणजे बारावीच्या मध्यापर्यंतचे गुण. तो तू पाठवत नाहीस, समुपदेशक पाठवतो. आणि तुझे समुपदेशक कोण? 'काही पाठवू नको' म्हणणारे फिजिक्सचे सर! त्यांना हे बहुधा माहीतच नसेल. मोठ्या शहरांतल्या शाळांत यासाठी पगारी माणूस असतो. आपल्याकडे सर तास घेतात, प्रॅक्टिकल लावतात, पेपर तपासतात, आणि तुझ्या आग्रहाखातर कधीतरी एक लॉगिन तयार करतात, ज्याचा पासवर्ड आता त्यांना आठवत नसतो. उद्या त्यांच्याकडे जाऊन बस. ईमेल उघडायला लाव, स्पॅमसुद्धा बघायला सांग, आणि रिपोर्ट भरून जाईपर्यंत उठू नकोस. चहा तू पाज.

त्यांना मोह होईल, किंवा तुलाच होईल, की सहामाहीचे ९२ तेवढे पाठवू, प्रिलिमचं कुणाला कळतंय. असं करू नका. कॉलेजनं दोन्ही परीक्षांचे गुण दिले आहेत तर दोन्ही जाऊ देत. मे महिन्यात बोर्डाचा निकाल लागल्यावर शेवटचे गुणही तिकडे जाणार आहेत आणि मिळालेला प्रवेश त्यावर अवलंबून असतो. आकडा लपवला आणि पुढे सापडला, तर ७१ चं काही वाटणार नाही, लपवल्याचं वाटेल.

आकडा जाऊ दे, पण एकटा जाऊ देऊ नकोस. ९२ वरून ७१ एवढंच दिसलं तर वाचणारा समजेल की अर्ज पाठवल्यावर पोरगी ढिली पडली. तिकडे या गोष्टीवर बारीक नजर असते. सरांनी रिपोर्टमध्येच एक ओळ घालावी की डिसेंबरात डेंग्यू झाला, इतके दिवस वर्गात नव्हती, आता नियमित येते. ती ओळ तुझ्यापेक्षा त्यांच्या तोंडी जास्त शोभते. तुझ्या पत्रातही एक वाक्य असू दे. एकच. प्लेटलेट किती होत्या, सलाईन किती लागल्या, ते नको. दवाखान्याची कागदपत्रं मागितल्याशिवाय जोडू नकोस.

सोयाबीनचं तर तू जाता जाता लिहिलंस. मला विचारशील तर तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची बातमी तीच आहे, फक्त ती प्रवेश कार्यालयाची नाही, आर्थिक मदत कार्यालयाची आहे. ही दोन वेगळी टेबलं आहेत. एका टेबलावर दिलेला कागद दुसऱ्यावर आपोआप पोचेल असं धरू नकोस. मदतीच्या फॉर्ममध्ये भर असतो तो आधीच्या वर्षांच्या उत्पन्नावर. त्या वर्षी पीक बरं झालं असेल तर कागदावर तुझं घर आज आहे त्यापेक्षा सुखवस्तू दिसतंय. परिस्थिती बदलली तर त्या कार्यालयाला लिहून कळवायचं असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्याला पुरावा लागेल आणि तो घरातच आहे. मागच्या हंगामाची आडतीची पट्टी आणि यंदाची, दोन्ही शेजारी ठेव. किती क्विंटल गेलं, काय भाव लागला, हातात काय आलं, ते पट्टीवरच असतं. नुकसानीचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत घे. खाली चार ओळींत इंग्रजीत अर्थ लिही. क्विंटल म्हणजे शंभर किलो, हेही लिही, आणि रुपयांचे डॉलर करून दाखव.

तुझ्या मनात शंका येईल की गरज जास्त दाखवली तर प्रवेशच नाकारतील. शंका रास्त आहे. परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज बघताना घरची ऐपत अजिबात विचारात न घेणारी कॉलेजं मोजकी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी. बाकीच्या बहुतेक ठिकाणी किती पैसे लागतील हे बघितलं जातं. पण तू पूर्ण मदत आधीच मागितलेली आहेस, त्यामुळे गरजू म्हणून तुझी नोंद झालेलीच आहे. आकडा चुकीच्या उत्पन्नावर ठरला आणि दरवर्षी दोन-तीन लाख कमी पडायला लागले, तर ते कुठून आणणार? शेत गहाण ठेवून? ते मी तुला करू देणार नाही, आणि तुझे वडील मात्र करायला तयार होतील, म्हणून आत्ताच कळव.

आता पत्राचा मसुदा. आधी मराठीत लिही, आपल्याला काय म्हणायचंय ते नीट कळतं. मग इंग्रजीत आण. मी लिहिलं असतं तर साधारण असं:

"माझं नाव अमुक, जन्मतारीख अमुक, अर्ज क्रमांक अमुक. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज पाठवल्यानंतरच्या दोन गोष्टी कळवते. गावातल्या चौदा विहिरींची पाणीपातळी मी दर महिन्याला मोजते, असं अर्जात लिहिलं होतं. २६ जानेवारीला आमच्या ग्रामसभेनं, म्हणजे गावातल्या सर्व मतदारांच्या सभेनं, मला वीस महिन्यांचे आकडे वाचून दाखवायला सांगितले. पुढे हे आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीबाहेरच्या फळ्यावर लिहायचं ठरलं. मी मीटरमध्ये मोजत होते, पण गावात विहिरीची खोली परसात, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापात सांगतात, म्हणून फळ्यावर दोन्ही लिहिणार आहे. दुसरं, डिसेंबरात मला डेंग्यू झाला होता. जानेवारीच्या सराव परीक्षेत गणितात मला ७१ गुण मिळाले, सहामाहीत ९२ होते. आता तब्येत बरी आहे आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे. तुमच्या वेळेबद्दल आभारी आहे."

परसाचा तपशील मी माझ्या मनानं घातलाय, तुझ्याकडे खरा असेल तो घाल. बाकी एवढंच. इंग्रजीत दोनशे शब्दांच्या आत बसतं. 'तुमचं कॉलेज हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न' वगैरे नको. सात कॉलेजांना तेच वाक्य जाणार आणि तिकडच्या माणसाला ते कळतं. वक्तृत्वाची ओळ घालावीशी वाटतेय ना? घाल, शेवटी, अर्ध्या ओळीत. माझी हरकत नाही, पण माझं मत तुला माहीत आहे.

कुठे पाठवायचं? कॉमन ॲपमधला पाठवलेला अर्ज त्या कॉलेजपुरता आता बदलता येत नाही, तिथे वेळ घालवू नकोस. अर्ज मिळाल्यावर प्रत्येक कॉलेज स्वतःच्या पोर्टलचं लॉगिन पाठवतं. ती सातही पोर्टलं एका बैठकीत उघड आणि त्यांच्या वेबसाइटवर नव्या माहितीबद्दल काय लिहिलंय ते वाच. काही ठिकाणी पोर्टलमध्येच कागद चढवायची सोय असते, तिथे तीच वापर. काही ठिकाणी नसते, तिथे प्रवेश कार्यालयाला ईमेल कर, ज्या पत्त्यावरून अर्ज केलास त्याच पत्त्यावरून. आणि एखाद्यानं 'अर्जानंतर जादा काही पाठवू नका' असं स्पष्ट लिहिलं असेल, तर त्याला पाठवायचं नाही. विहिरी कितीही चांगल्या असल्या तरी. अशा ठिकाणी ७१ चं स्पष्टीकरण सरांच्या रिपोर्टमधून जाईलच, आणि पट्ट्या मदत कार्यालयाकडे जातातच.

एमआयटीचं वेगळं आहे. त्यांचा फेब्रुवारीचा 'अपडेट्स अँड नोट्स' नावाचा फॉर्म असतो, तो नियमित फेरीतल्या सगळ्यांनी भरायचा असतो. त्यातच मधल्या परीक्षांचे गुण आणि नवीन काय घडलं ते विचारतात. म्हणजे तिथे उतावळेपणाचा प्रश्नच नाही, न भरणं हीच चूक. त्यांच्या पोर्टलवर आजच बघ, मुदत फेब्रुवारीतच संपते.

हे सगळं या आठवड्यात उरकून टाक. मार्चमध्ये पाठवलेलं पत्र वाचलं जाईपर्यंत निर्णय झालेला असतो, आणि तुझी तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे. एक संध्याकाळ मसुद्याला, एक पोर्टलांना, एक सरांकडे. त्यानंतर पोर्टल रोज उघडून बघायचं नाही. दुसरं पत्र पाठवायचं नाही, नवीन ढाल मिळाली तरी.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन ओळी, कारण असेच प्रश्न दर हिवाळ्यात येतात. नोव्हेंबरात लवकरच्या फेरीत अर्ज करून ज्यांचा निर्णय डिसेंबरात पुढे ढकलला गेला, त्यांनी असं पत्र जरूर लिहावं, कॉलेजनं मनाई केली नसेल तर. मार्चअखेर प्रतीक्षा यादीत नाव आलं तर आधी पोर्टलवर 'यादीत राहायचंय' हे कळवावं लागतं, मग एक पत्र. पण पूर्ण मदत लागणाऱ्या परदेशी मुलांनी त्या यादीवर भिस्त ठेवू नये, तिथवर पैसे बहुतेक वाटून झालेले असतात. ब्रिटनला यूकॅसमधून, म्हणजे तिथल्या सामाईक अर्ज यंत्रणेतून, अर्ज केला असेल तर पाठवलेलं निवेदन बदलता येत नाही, तिथे बोर्डाच्या गुणांवर लक्ष दिलेलं बरं.

राहिले मामा. आमदारांचं पत्र नको. आमदार तुला ओळखत नाहीत, त्यांचे स्वीय सहायक लेटरहेडवर 'होतकरू व गुणी विद्यार्थिनी' असं लिहून देतील आणि ते वाचणाऱ्याला तुझ्याबद्दल काही कळणार नाही. मामांची ओळख दांडगी आहे असं दिसतंय, तर ती दुसरीकडे लाव. ग्रामसेवकाकडून २६ जानेवारीच्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत त्यांना आणायला सांग. जोडायची नाही, जवळ ठेवायची, कुणी विचारलं तर दाखवायला. ग्रामसेवक गावात नेमके कधी सापडतात हे शोधण्यातच मामांचा आठवडा जाईल. आडत दुकानातून जुन्या पट्टीची प्रत काढायचं कामही त्यांनाच दे.

पत्र पाठवल्यावर उत्तर आलं नाही तर घाबरू नकोस, बहुतेक ठिकाणांहून येत नाही, आलंच तर 'मिळालं, फाइलमध्ये लावलं' इतपतच. आणि बॅनरचं म्हणशील तर गुडघ्याला बाशिंग बांधायची इतकी घाई कशाला? होकार कळवायची मुदत साधारण १ मेपर्यंत असते. फ्लेक्सवाल्याला मामांनी त्यानंतर फोन करावा.